तीन इयत्ता, एकच खोली: वेगवेगळ्या वयाच्या मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंत तर

माझी आई लांजा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवायची. चार वर्ग, दोन खोल्या, ती आणि एक गुरुजी. पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला द्यायची, दुसरीच्या मुलांना एकमेकांचे पाढे म्हणून घ्यायला बसवायचं आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांकडे वळायचं. त्यात जगावेगळं काही नव्हतं. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच दिलेलं आहे.

हे सगळं लहानपणी डोळ्यांनी पाहूनही, तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलांना घरी शिकवायला बसले तेव्हा मी नेमका उलटा कारभार केला. विक्रोळीत कन्नमवार नगरात आमचं वन बीएचके. थोरली चौथी संपवून बाहेर पडलेली, मधला पहिली झालेला, धाकटी तीन वर्षांची. मी तिघांची तीन वेळापत्रकं आखली, रंगीत पेनांनी, तासाला तास जोडून. नवव्या दिवशी मी मोरीचं दार लावून आत रडत होते आणि बाहेर धाकटी मधल्याच्या वहीवर पाणी ओतत होती. संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तू तीन शाळा कशाला काढल्यास? एक काढ."

पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून शिकत गेलेलं आहे. एकच मूल असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही.

१. वह्या नंतर, आधी कागद

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: हे कायदेशीर आहे का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्यात म्हटलंय. घरच्या शिक्षणाचा त्यात उल्लेखच नाही, ना परवानगी ना बंदी. पालकाला शिक्षा करणारं कलमही नाही. म्हणजे तुम्ही अशा वाटेवर आहात जिला फाटकही नाही आणि पाटीही नाही. हे पटत नसेल, रात्री झोप लागणार नसेल, तर सुरूच करू नका. माझ्या नवऱ्याला सहा महिने झोप लागली नाही.

एक दिलासा त्याच कायद्यात आहे. बेत फसला तर मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या इयत्तेत प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. परतीचा रस्ता बंद होत नाही.

शाळा सोडताना हे हातात हवं:

- शाळा सोडल्याचा दाखला. नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, सगळं तिथेच उभं राहून वाचा.
- शेवटच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक, उत्तीर्ण असा शेरा आणि शिक्का असलेलं.
- महापालिकेचा जन्मदाखला, मुलाच्या नावासकट. कित्येकांच्या दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी असते.
- मुलाचं आधार. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात. शाळेत असताना कुणीतरी आठवण करतं, आता ते तुमचं काम.
- आईवडिलांपैकी एकाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला, झेरॉक्ससह.

शेवटचा कशाला? कारण आपल्याकडे शाळेचा दाखला शिक्षणापुरता नसतो. जातीचा दाखला, पडताळणी, डोमिसाइल, सगळीकडे तो मागतात. माझ्या धाकटीने शाळेचं तोंडच पाहिलेलं नाही, त्यामुळे तिचा असा दाखला नाही. तिच्यासाठी जन्मदाखला आणि वडिलांचा दाखला हेच जपून ठेवलेत.

आमच्या शाळेने थोरलीचा दाखला द्यायला अडीच महिने लावले. "कुठल्या शाळेत घालताय, त्यांचं पत्र आणा," एवढंच पालुपद. तोंडी मागण्यात मी दीड महिना घालवला, ही माझी चूक. अर्ज लेखी द्या, त्याच्या झेरॉक्सवर तारखेसकट पोच घ्या. पोच हातात आली की काउंटरच्या पलीकडचा सूर बदलतो.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण अधूनमधून होत असतं. कुणी दारात आलं तर वाद घालू नका, चहा द्या आणि वह्या दाखवा. आमच्याकडे आलेल्या बाईंनी धाकटीचे पाढे ऐकले आणि स्वतःच्या मुलाच्या गणिताबद्दल अर्धा तास बोलून गेल्या.

२. मूल कितवीत आहे ते विसरा, कुठे आहे ते पाहा

यासाठी विकतची चाचणी नको. 'प्रथम' ही संस्था मुंबईतच सुरू झालेली. २००५ पासून ती 'असर' नावाची पाहणी करते. तिचे चाचणीचे कागद मराठीत फुकट मिळतात. वाचनाच्या पायऱ्या: अक्षर, शब्द, साधा परिच्छेद, गोष्ट. गणिताच्या: एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात.

मधला दुसरीचं पुस्तक घडाघडा वाचायचा. असरचा नवा परिच्छेद समोर ठेवला तर शब्दाशब्दावर अडखळला. पुस्तक त्याला पाठ होतं! थोरलीला भागाकार येत होता, पण हातचा का घेतो हे सांगता येत नव्हतं. तिला वजाबाकीपर्यंत मागे आणलं. दहा वर्षांच्या मुलीला दुसरीचं गणित देताना आपल्यालाच अपमान वाटतो, तो गिळावा लागतो.

३. विषय दोन ढिगांत घाला: जिना आणि पंगत

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

काही विषय जिन्यासारखे असतात. चौथी पायरी चढल्याशिवाय पाचवी चढता येत नाही. गणित, सुरुवातीचं वाचन-लेखन, व्याकरण, इंग्रजीचं स्पेलिंग. यात प्रत्येक मूल आपल्या पायरीवर आणि एकटं.

बाकीचे विषय पंगतीचे. एकाच पातेल्यातलं सगळ्यांना वाढायचं, ज्याची जेवढी भूक तेवढं तो खाईल. इतिहास, भूगोल, विज्ञान, कविता, गोष्टी, चित्र, गाणं, स्वयंपाक. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज आहेत म्हणून सहावीतल्या मुलीने आणि साडेचार वर्षांच्या पोरीने ते ऐकू नयेत, असं कुठे लिहिलंय? पुस्तकं इयत्तेप्रमाणे छापलेली असतात, कारण शाळेत मुलं वयाप्रमाणे बसतात. घरात तसं कुणी बसत नाही.

पंगत प्रत्यक्षात कशी चालते ते एका पावसाळ्यावरून सांगते.

उभ्या, सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घेतली. वरचा भाग कापून उलटा, नरसाळ्यासारखा तोंडात बसवला. तळ खाचाखाचांचा असतो, त्यामुळे तिथे खडे घातले आणि खडे बुडेपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारली. तिथून वर मोजपट्टी चिकटवली. झालं पर्जन्यमापक. बाटलीचा घेर आणि तोंडाचा घेर सारखाच असेल तर जेवढे मिलिमीटर पाणी चढेल तेवढा पाऊस. पहिली बाटली आम्ही खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. वरच्या मजल्यावरचं छज्ज्याचं पाणी त्यात पडत राहिलं आणि एका रात्रीत ती भरून वाहिली. मग सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हातापाया पडून गच्चीची किल्ली मिळवली.

धाकटीचं काम: रोज सकाळी साडेआठला पाणी कुठपर्यंत आलंय ते बोटाने दाखवायचं आणि मग ओतून टाकायचं. ओतणं हा तिचा आवडता विषय. मधल्याचं काम: आकडा वहीत लिहायचा, चौकटीच्या कागदावर उभा पट्टा रंगवायचा, आठवड्याची बेरीज करायची. थोरलीचं काम: आपला आकडा आणि हवामान खात्याचे कुलाबा व सांताक्रूझ इथले आकडे शेजारी मांडायचे.

तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, एकाच शहरात दोन आकडे वेगळे कसे? मग २६ जुलै २००५ काढला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३. त्यांच्या बाबांनी तो दिवस कुर्ल्याहून छातीभर पाण्यातून चालत काढलेला. तो त्या रात्री जेवताना त्यांनी पहिल्यांदा सगळा सांगितला. इतिहासाचा तास म्हणायचा की भूगोलाचा, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी गणित: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपलं घर चारशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. गुणिले ९४४. आलं जवळजवळ ३५ हजार लिटर. मधला म्हणाला, "म्हणजे साडेतीन टँकर, आणि सगळे आपल्या डोक्यावर!" उन्हाळ्यात सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो हिशेब त्याला तोंडपाठ.

या एका बाटलीवर आमचा जुलै गेला. वर्षाला असे पाचसहा विषय पुरतात. प्रत्येक आठवड्याला नवा घेऊ नका, मीही घेतले होते, सगळे अर्धवट राहिले.

४. एका वेळी एकच मूल समोर

आईच्या शाळेतला नियम मी जसाच्या तसा उचललाय. कोणत्याही क्षणी एक मूल माझ्यासमोर, एक स्वतःचं स्वतः काम करणारं, आणि एक हातांनी काहीतरी करणारं. पंचवीस मिनिटांनी फिरती.

- पाणी सहाला येतं, त्यामुळे आंघोळी-कपडे साडेसातच्या आत. पाण्याची वेळ बदलली की आमचं वेळापत्रक बदलतं, उलट होत नाही.
- साडेआठला गच्ची, बाटली, मग सगळ्यांना मिळून मोठ्याने वाचून दाखवणं. चाळीस मिनिटं.
- सव्वानऊ ते साडेदहा जिना, पंचवीस मिनिटांच्या तीन फेऱ्या.
- नंतर पोहे, खाली मोकळं सोडणं, आणि बारा वाजेपर्यंत पंगतीचा विषय.
- दुपार सासूबाईंची. त्यांची मालिका आणि मुलांचा पाढा एका खोलीत नांदत नाहीत, हे मी स्वीकारलंय. तेव्हा मुलं चित्रं काढतात, वाचतात, भांडतात.

एवढंच. रोज तीन-साडेतीन तास. शाळेत सहा तास असतात म्हणून घरीही सहा तास बसवणं हा सगळ्यांत सर्रास होणारा घोटाळा. शाळेत चाळीस मुलांची हजेरी, रांगा, वह्या गोळा करणं यात किती वेळ जातो ते आठवा.

जिन्याच्या फेरीत पहिला नंबर धाकट्याचा. आपण स्वाभाविकपणे मोठ्याला आधी घेतो, कारण त्याचा अभ्यास 'महत्त्वाचा'. मग धाकटं कंटाळतं आणि सगळ्यांचा खेळखंडोबा करतं. तिची पंचवीस मिनिटं आधी पोटभर झाली की ती चिंचोके घेऊन तासभर कोपऱ्यात रमते.

स्वतः करायच्या कामात नवीन काही देऊ नका. कालचंच द्या, उजळणीचं. नवीन दिलंत की पाचव्या मिनिटाला "आई, हे कसं?" सुरू होतं आणि समोरच्या मुलाचा तास बुडतो. आमच्याकडे फळ्यावर खुणेचा चौकोन आहे: अडलं तर त्यात नाव लिहायचं आणि पुढच्या गणिताला लागायचं.

५. थोरल्याला मास्तर करू नका

मोठी बहीण शिकवते हे पाहुण्यांना फार कौतुकाचं वाटतं. मलाही सोयीचं वाटलं. चार महिन्यांनी थोरलीने एका रात्री विचारलं, "माझी शाळा कधी असते?" त्या दिवसापासून नियम केला: तिने धाकट्यांना गोष्ट वाचून दाखवायची किंवा पाढे म्हणून घ्यायचे, दिवसाला पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. वह्या तपासणं तिच्याकडे नाही. तपासणारी बहीण भावाला आवडत नाही, यात नवल काय.

तिचा म्हणून आठवड्यात एक तास असतो, शनिवारी, फक्त ती आणि मी. दोघं धाकटे त्या वेळी बाबांबरोबर भाजीला जातात.

६. सामान

फार लागत नाही. कपाटाच्या दाराला आतून काळा रंग लावून केलेला फळा. तीन पाट्या. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे रबर लावून, चिंचोके, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रत्येक मुलाची एक पत्र्याची ट्रंक, कारण दुसऱ्याची रबरं चोरण्यावरून जेवढा वेळ गेला तेवढ्यात एक धडा झाला असता.

बालभारतीची पहिली ते बारावीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. छापून काढू नका, छापील पुस्तक त्याहून स्वस्त पडतं. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आणि शेकडो पुस्तकं आहेत, मराठीतलीसुद्धा.

हजारो रुपयांचे 'होमस्कूलिंग किट' पहिल्या वर्षी घेऊ नका. आमचं एक अजून माळ्यावर आहे.

७. नोंदी ठेवा, रोज चार ओळी

एका दोनशेपानी वहीत तारीख घालून कोणी काय केलं ते लिहिते. जास्त नाही. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचं एक लिखाण, एक गणिताचं पान, एक चित्र फाइलला. सर्वेक्षणवाल्या बाईंना, सासऱ्यांना आणि वाईट दिवशी स्वतःला दाखवायला हीच फाइल उपयोगी पडते.

८. दहावीचा रस्ता आत्ताच बघून ठेवा

मूल सात वर्षांचं असलं तरी. कारण इथे मी पडले.

राज्य मंडळाची दहावी शाळेविना द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरतात. त्यासाठी चौदा वर्षं पूर्ण हवीत आणि किमान पाचवी पास असल्याचा पुरावा हवा. थोरलीला आम्ही चौथीनंतर काढलं! एक वर्ष थांबलो असतो तर प्रश्नच नव्हता. शेवटी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा तिला द्यावी लागली. हे मंडळ आठवीचीही परीक्षा घेतं. तुमचं मूल तिसरी-चौथीत असेल आणि घाई नसेल, तर पाचवीचं प्रगतिपुस्तक हातात घेऊनच बाहेर पडा. सतरा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि पुढे एका संपर्क केंद्र शाळेशी जोडून घेतात. त्या त्या वर्षीच्या सूचना राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर वाचा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ पासून आहे. दहावीसाठी वय चौदा, किमान पाच विषय, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे एका वेळी दोन विषयही देता येतात. मराठी माध्यमही घेता येतं. लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. तीन मुलं एकदम सांभाळणाऱ्या घराला हे थोडं-थोडं देणं फार सोयीचं.

थोरली आता तेरा वर्षांची आहे. तिचा कल सतरा नंबरकडे, कारण तिच्या मैत्रिणी मार्चमध्येच पेपर देणार. माझा एनआयओएसकडे. अजून ठरलेलं नाही.

संगीत शिकत असतील तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा शाळेविना देता येतात. परीक्षेची खोली, नंबर, अनोळखी परीक्षक, या सगळ्याची सवय आयती होते.

९. आठवड्यातून एक दिवस घराबाहेर

घरी शिकणाऱ्या मुलांचा एक फायदा मुंबईत पुरेपूर वसूल होतो: सगळं शहर कामाच्या दिवशी रिकामं मिळतं. निघायचं अकरानंतर, परतायचं साडेचारच्या आत. त्याच्या आगेमागे तीन मुलं घेऊन लोकलमध्ये चढण्याचं धाडस मी एकदा केलं, पुन्हा नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. विद्यार्थी सवलतीचा पास शाळेच्या पत्राशिवाय होत नाही, तो विषय सोडून द्या.

वेगवेगळ्या वयांना एकदम पुरणारी जागा निवडा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र पहिलं: धाकटीला बटणं दाबायची असतात, थोरलीला खालची पाटी वाचायची असते, दोघींचं भांडण होत नाही. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. आम्ही एका फेरीत तीनच पाहतो आणि पाण्याची टाकी दिसली की थांबतो. ओहोटीच्या वेळी हाजीअली किंवा जुहूच्या खडकांवर शंखशिंपले, खेकडे, समुद्रफुलं. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला मधला तिथेच शिकला. हिवाळ्यात शिवडीला रोहित पक्षी. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं थोरलीला आम्ही सभासद केलं, ते १८९८ पासूनचं आहे आणि तिथल्या कपाटांपाशी तिला कुणी "कितवीत आहेस?" विचारत नाही.

हा प्रश्न मात्र लिफ्टमध्ये, रिक्षात, लग्नात, सगळीकडे येणार. मुलांना एक उत्तर शिकवून ठेवा. आमचा मधला सरळ "पाचवीत" म्हणतो आणि विषय मिटवतो. सोबतीची काळजी असेल तर रोज संध्याकाळी एक ठरलेली जागा हवीच: मल्लखांब, कबड्डी, गाण्याचा क्लास, नाहीतर नुसतं खालचं मैदान. तिथे खाडा नको.

सुट्टीचे वार पाठ करा. कान्हेरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. बुधवार हा आमचा बाहेरचा वार, त्यामुळे बंद फाटकासमोरच्या फुटपाथवर बसून आम्ही दोनदा मेथीचे ठेपले खाल्लेत. आता मंगळवारी जातो.